लुईव्हिलला पोरांकडं जाताय? मग शहर नदीपासनं बघायला घ्या

बेळगाव, निपाणी, खानापूरकडचे बरेच आईवडील आता अमेरिकेत पोरांकडं जाऊन येतात, आणि न्यूयॉर्क नायगारा झालं की उरलेले दिवस टीव्हीसमोर. पोरं केंटकीतल्या लुईव्हिलला असतील तर असं अजिबात करू नका. हे ओहायो नदीकाठचं मध्यम शहर आहे, नदी धरून फिरलात तर ते कसं उभं राहिलं हे आपोआप कळत जातं.

आधी फॉल्स ऑफ द ओहायो. पलीकडच्या काठावर आहे, गाडीनं सोडायला सांगा. गोकाकसारखा कोसळणारा धबधबा डोक्यात ठेवून जाऊ नका, इथं नदी तीनेक किलोमीटरमध्ये सुमारे 8 मीटर उतरते, नुसता खडकाळ उतार. पण पूर्वी बोटी इथंच अडायच्या, माल उतरवायचा, खालच्या अंगाला न्यायचा, परत चढवायचा, आणि त्या हमालीवर अन् वखारींवरच 1778 ला वसलेलं हे गाव वाढलं. 1830 ला बाजूनं कालवा झाला तेव्हा बोटी सरळ जायला लागल्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी कमी असतं, तेव्हा गेलात तर जवळपास 39 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांचे जीवाश्म पायाखाली दिसतात. एकपण उचलायचा नाही, बंदी आहे.

मग एखाद्या संध्याकाळी बिग फोर ब्रिज चालत पार करा. जुना रेल्वेपूल आहे, आता फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी, तिकीट नाही. पलीकडं उतरलात की राज्य बदललं, इंडियाना! केंटकीत सेल्स टॅक्स 6 टक्के, तिकडं 7. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आणि सीमा नदीच्या मधोमध नाही बरं का, 1792 ला केंटकी राज्य झालं तेव्हा उत्तर काठाला पाणी सगळ्यात कमी असताना जिथं टेकायचं ती रेषा धरलीय, म्हणून नदी जवळपास सगळी केंटकीचीच. याच नदीच्या एका अंगाला गुलामगिरी होती आणि दुसऱ्या अंगाला नव्हती, कित्येक माणसं जीव मुठीत धरून ती पार करायची. पुलावर चालताना हे आठवा, मला तरी शहरातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

1937 च्या जानेवारीत महापूर आला, निम्म्याहून जास्त शहर पाण्यात गेलं. 2019 ला कृष्णा दूधगंगेचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांनी इथली पूरभिंत आवर्जून बघावी, वाटेत मध्येच लोखंडी दरवाजांच्या जागा दिसतात.

वेळ उरला तर बॉक्सर मुहम्मद अलीच्या नावाचं मुहम्मद अली सेंटर, तो इथलाच, 1942 चा जन्म. आणि 1914 ची वाफेवरची बोट, बेल ऑफ लुईव्हिल, तिच्यात बसून फेरी मारता येते, वेळापत्रक आधी बघा.

तारखा ठरवताना मे महिन्याचा पहिला शनिवार टाळा, त्या दिवशी केंटकी डर्बीची घोड्यांची रेस असते, गर्दी प्रचंड आणि हॉटेलचे दर लई वर जातात. सप्टेंबरचं तिकीट काढा, खडकपण उघडे मिळतील.