एक्स्टॅटिक डान्सला पहिल्यांदा जाताय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

बेळगावच्या माणसाला नाचायला शिकवावं लागत नाही. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन, गल्लीतल्या झांजपथकाची तालीम यांत ताल लहानपणीच अंगात भिनतो. आणि पहिल्या एक्स्टॅटिक डान्सला नेमकं तेच आड येतं. मिरवणुकीत आपण कुणाला तरी दाखवायला नाचतो. मंडळाला, गल्लीला, गॅलरीतून वाकून बघणाऱ्या मंडळींना. इथं बघायला कुणी बसलेलं नसतं, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला हेच पचत नाही.

प्रकार तसा साधा आहे. स्टेप्स नाहीत, शिकवणारा नाही. साधारण दीड-दोन तास डीजे सलग संगीत लावतो आणि ज्याला जसं सुचेल तसं तो हलतो. पाय अनवाणी, मोबाईल बाहेर, दारू-नशा नाही आणि नाचाच्या जागेवर बोलणं नाही. अमेरिकेत गॅब्रिएल रॉथ यांनी १९७० च्या दशकात 'फाइव्ह रिदम्स' नावाची पद्धत घडवली, तिचा या प्रकारावर मोठा प्रभाव आहे. पुण्याच्या ओशो आश्रमातलं 'डायनॅमिक मेडिटेशन' मात्र वेगळं. त्यात कुठल्या टप्प्यात काय करायचं हे ठरलेलं असतं, इथं तसं काही नसतं. ते ओशोंचं ध्यान डोक्यात ठेवून गेलात तर सूचनांची वाट बघत उभे राहाल. बेळगावकरांना सोयीचं ठिकाण म्हणजे चोर्ला घाट उतरून गोव्यातलं हरमल. पण एखाद्या योगवर्गाच्या हॉलात किंवा खानापूरकडच्या फार्महाऊसवर कुणी असा कार्यक्रम ठेवला, तरी नियम बहुतेक हेच.

आता चुका. सर्वांत जास्त होणारी, आणि आपल्याकडच्या पोरांची तर हमखास होणारी, चूक म्हणजे पहिल्या गाण्यालाच सुटणं. मिरवणुकीत ढोल पहिल्या ठोक्यापासून पेटलेला असतो, म्हणून इथंही तसंच वाटतं. पण या संगीताला चढ-उतार असतो. रॉथ यांच्या पाच लयी क्रमाने वाहती, ठसक्याची, बेभान, हलकी आणि शेवटी स्थिर अशा आहेत, आणि बरेच डीजे साधारण हेच वळण धरतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं जवळजवळ कंटाळवाणी असतात. तेवढ्यात हात वर करून उड्या मारणारा तगडा गडी, खरी बेभान लय सुरू होते तेव्हा भिंतीला टेकून गुडघा चोळत बसलेला दिसतो. त्याच्या शेजारून साठीच्या आजी निवांत डुलत पुढे जातात, कारण त्यांनी सुरुवातीला नुसते घोटे फिरवले होते. तुम्हीही तेच करा. आडवे व्हा, चाला, मान सोडा, जांभई आली तर द्या. निम्मा दम शिल्लक ठेवा.

दुसरी चूक टोळीने जाण्याची. पाच जण गेले की पाच जणांचं वर्तुळ होतं, तोंडं आत, पाठी बाहेर, वरातीत असतं तसं. मग डोळ्यांनीच थट्टा सुरू. सोबत घेऊन जरूर जा, विशेषतः बायकांनी, पण आत गेल्यावर पांगा. शिवाय आपलं गाव पडलं छोटं. टिळकवाडीतल्या वहिनी, मुलाचे ट्यूशनचे सर, बँकेतल्या मॅडम, कुणीतरी भेटणारच. "अगं बाई, तू पण इथं?" हे शेवटी सगळे गोल करून बसतात तोपर्यंत गिळून ठेवा. ओळखीची मान हलवली की पुरे. बोलायचंच नाही म्हटल्यावर मराठी की कानडी हा प्रश्नही दोन तास मिटतो, हा फायदा सीमाभागात थोडका नव्हे.

उलट बाजूची तक्रारही असते: अंग हलतच नाही. सगळे नाचताहेत, आपण खांबासारखे. अशा वेळी नाचायचा प्रयत्नच सोडा. डोळे मिटा आणि पायांचे तळवे जमिनीला टेकलेत तिकडे लक्ष द्या. गुडघे किंचित सैल करून संगीताबरोबर तळव्यांनी जमीन दाबत राहा, एवढंच. दोन गाण्यांत खांदे आपोआप जागे होतात. नाहीच झाले तर हॉलभर फिरा, चालणंही चालतं. गाणं आवडलं नाही म्हणून बाहेर जाऊन मोबाईल काढू नका. परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

स्पर्शाबाबत ढिलाई नको. कुणी समोर येऊन तुमच्याबरोबर हलू लागलं आणि नको असेल तर छातीशी हात जोडा आणि वळा. याचा अर्थ 'आभार, पण नको' असाच घेतला जातो आणि समोरच्याने तो निमूट मानायचा असतो. पुरुषांना वेगळं सांगतो: एखाद्या बाईकडे टक लावून नाचत राहणं हाही त्रासच आहे, हात लावला नाही म्हणून सुटका नाही. कुणी पुन्हा पुन्हा चिकटत असेल तर भिडेखातर सोसू नका, सरळ आयोजकाला सांगा. म्हणूनच नाव नोंदवतानाच विचारून घ्या की आत काही झालं तर कुणाला सांगायचं. याचं धड उत्तर मिळालं नाही, तर माझ्या मते तिथं जाऊच नये. नशेचं काही पुढे आलं तरी तसंच, चप्पल घालायची आणि निघायचं.

बेभान लयीत कुणी रडतं, कुणी मोठ्याने ओरडतं. आपल्या भागात सौंदत्तीची यल्लम्मा सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे लगेच 'अंगात आलं' असं वाटतं. हळद-कुंकू शोधू नका, पाठ थोपटायलाही धावू नका. रडणाऱ्याला रडू द्या. कुणी पडलं किंवा श्वास लागला तर मात्र आयोजकाला लगेच बोलवा. स्वतःला रडू आलं नाही म्हणून काहीतरी चुकलं असंही समजू नका. हा मानसिक आजारावरचा उपचार नाही. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तरीही तेच.

बाकी बारीकसारीक. पोटभर जेवून जाऊ नका, दोन तास आधी हलकं खा. कुंदा परत आल्यावर. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर नाचलात तर घसरणार, अनवाणीच बरं. घामाने फरशी ओली झाली तर पुसून घ्यायला सांगा. बांगड्या, लांब मंगळसूत्र, घड्याळ बाहेर काढून ठेवा, कुणाच्या तरी डोळ्याला लागतं. अत्तर फवारून जाऊ नका. स्पीकरसमोर उभे राहू नका. डोकं गरगरलं तर डोळे उघडा, भिंतीशी बसा, घोट घोट पाणी प्या. उशिरा पोचाल तर दार बंद असू शकतं, कारण नियम सुरुवातीला सगळे गोल करून बसतात तेव्हाच सांगतात.

संपल्यावर अर्धा तास तरी गाडीला हात लावू नका. अंग हलकं आणि डोकं रिकामं असतं, आणि त्या अवस्थेत पावसाळ्यात रात्री धुक्यातून चोर्ला चढणं हा शुद्ध वेडेपणा आहे. हरमलला गेलात तर मुक्काम करा, सकाळी निघा. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतील, त्यामुळे रजा टाकता आली तर उत्तम.