लँडस्केपिंगमध्ये करिअर कसे घडवावे : सुरुवात देखभालीपासून

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या शहरांत नवी गृहसंकुले, आयटी पार्क आणि रुग्णालये उभी राहत आहेत, तर मुळशी, कर्जत, अलिबाग या पट्ट्यांत फार्महाऊस वाढत आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी हिरवळ, झाडे, पायवाटा आणि पाण्याची सोय करणारी जाणती माणसे लागतात. या कामाकडे वळणारे बरेच तरुण आधी संगणकावर बागेची सुंदर चित्रे काढायला शिकतात, किंवा ओळखीतून एखादे काम मिळवून थेट लागवडीला हात घालतात. माझे मत वेगळे आहे. या व्यवसायात टिकायचे असेल, तर दुसऱ्याने लावलेली बाग वर्षभर सांभाळण्यापासून सुरुवात करावी. बाग ताब्यात दिली जाते त्या दिवशी ती अपुरीच असते. तिचा कस पहिल्या उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसाळ्यात लागतो, आणि तो कस ज्याने जवळून पाहिला आहे त्याचेच आराखडे व अंदाजपत्रके पुढे बरोबर येतात.

पहिली पायरी : शिक्षणाचा मार्ग निवडावा

या क्षेत्रात येण्याचे साधारण तीन मार्ग आहेत आणि तिघांची कामे वेगळी आहेत. पहिला मार्ग माळीकामाचा. औपचारिक शिक्षण कमी असले तरी हा मार्ग खुला असतो. ॲग्रिकल्चर स्किल कौन्सिल ऑफ इंडियाने माळ्याच्या कामासाठी कौशल्याचा अभ्यासक्रम ठरवून दिलेला आहे, आणि अनुभवाच्या जोरावर माणूस सुपरवायझर किंवा स्वतंत्र कंत्राटदार होऊ शकतो. दुसरा मार्ग उद्यानविद्येचा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे राज्याची चार कृषी विद्यापीठे आहेत. बारावी विज्ञाननंतर राज्याची सीईटी देऊन त्यांच्या अखत्यारीतील महाविद्यालयांत चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घेता येतो. महापालिकांचे उद्यान विभाग, मोठी हॉटेले आणि बांधकाम कंपन्या यांच्याकडील उद्यान निरीक्षक व तत्सम जागांसाठी ही पदवी उपयोगी पडते. तिसरा मार्ग वास्तुकलेचा. पाच वर्षांची बी.आर्क. पदवी घेऊन पुढे दोन वर्षे लँडस्केप आर्किटेक्चरचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. पुण्यातील भानुबेन नानावटी महाविद्यालय, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ आणि दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर येथे असे शिक्षण मिळते.

येथे एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. त्यामुळे बागेचे आराखडे करणाऱ्या उद्यानविद्या पदवीधराने किंवा कंत्राटदाराने आपल्या कार्डावर लँडस्केप डिझायनर, लँडस्केप कंत्राटदार किंवा उद्यान सल्लागार असे लिहावे.

दुसरी पायरी : एक पूर्ण वर्ष बाग सांभाळावी

शिक्षण कोणतेही असो, एखाद्या चांगल्या कंत्राटदाराकडे किंवा मोठ्या संकुलाच्या बागेत किमान एक वर्ष काम करावे, आणि ते वर्ष मध्येच सोडू नये, कारण प्रत्येक ऋतू वेगळे शिकवतो. मार्च ते मे या काळात पाणी कुठे पोहोचत नाही ते लॉनवरच्या पिवळ्या पट्ट्यांवरून कळते आणि पालापाचोळ्याच्या आच्छादनाने किती ओल टिकते हे प्रत्यक्ष दिसते. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, पुढे त्यांच्या अळ्या लॉनची मुळे खातात आणि गवताचा पट्टा हाताने उचलला तरी सुटून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, तण झपाट्याने वाढते आणि गोगलगायी कोवळी रोपे फस्त करतात. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी होते, हंगामी फुलांची रोपे तयार करायला घेतली जातात, आणि थंडीत लॉनची वाढ मंदावली की पाणी व कापणी दोन्ही कमी करावी लागतात.

या वर्षात हाताने काम करणे टाळू नये. खुरपे, सिकेटर (छाटणीची कात्री), हेज कटर आणि लॉनमूव्हर ही साधने स्वतः चालवावीत. लॉनची उंची एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापली तर ते का करपते, हे सांगून पटण्यापेक्षा पाहून पटते. पुढे आपल्या हाताखाली माळी आणि बिगारी येतील तेव्हा एका माणसाकडून दिवसभरात किती खड्डे होतात आणि किती वाफे खुरपून होतात याचा अंदाज याच अनुभवातून येतो. त्या अंदाजाशिवाय दिलेला दर हवेतलाच असतो. रोज एका वहीत तारीख, हवामान, केलेले काम आणि मेलेली रोपे यांची नोंद ठेवावी. स्वतःच्या शहरातील हवामानाची ही नोंद कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

तिसरी पायरी : माती, पाणी आणि उतार शिकावे

बहुतेक बागा बिघडतात त्या जमिनीखाली. देशावरची काळी माती पाणी धरून ठेवते व सुकल्यावर भेगाळते. कोकणात जांभ्याच्या कातळावर मातीचा थर पातळ असतो आणि पाणी झटकन निचरून जाते. बांधकामाच्या जागेवर तर सिमेंटचा राडारोडा, विटांचे तुकडे आणि मुरूम यांचीच भर असते. हा राडारोडा उपसल्याशिवाय त्यावर चांगली माती ओतली, तर दिसायला बाग होते आणि पुढच्या वर्षी झाडे खुंटतात. भरावासाठी आणलेल्या मातीत लव्हाळा या चिवट तणाच्या गाठी आहेत का, हे गाडी रिकामी करण्याआधी मूठभर माती चाळून पाहावे. एकदा लव्हाळा लॉनमध्ये शिरला की तो काढण्याची मजुरी लॉनच्या खर्चाइतकी होऊ शकते.

पाण्याची व्यवस्था लागवडीच्या आधी करावी. झाडे आणि झुडपांसाठी ठिबक, लॉनसाठी पॉपअप स्प्रिंकलर अशी विभागणी सहसा योग्य ठरते. मात्र दोन्ही एकाच व्हॉल्व्हवर ठेवू नयेत, कारण त्यांचा दाब आणि वेळ वेगळी असते. लॉनला हलका एकसारखा उतार द्यावा आणि तो गवंड्याच्या लेव्हल पाइपने तपासून घ्यावा. नजरेच्या अंदाजावर राहू नये.

गच्चीवरील बागेची कामे सध्या बरीच मिळतात आणि नवख्या माणसासाठी सर्वांत धोक्याची कामेही तीच आहेत. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीचा थर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भार टाकतो. भारतीय मानकांत वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला भार मात्र चौरस मीटरला साधारण १५० किलोच असतो. म्हणून बांधकाम अभियंत्याचे लेखी मत घेतल्याशिवाय गच्चीवर माती चढवू नये. शक्य तेथे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून मिश्रण हलके करावे, मोठ्या कुंड्या तुळईच्या वर ठेवाव्यात आणि वॉटरप्रूफिंगची चाचणी पाणी साठवून झाल्याची खात्री करावी.

चौथी पायरी : रोपांची ओळख आणि नर्सरीशी नाते

पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी आणि उरुळी कांचन या भागांत रोपवाटिकांची मोठी बाजारपेठ आहे. तेथे महिन्यातून एखादा दिवस केवळ पाहण्यासाठी आणि विचारण्यासाठी जावे. रोपाची किंमत पिशवीचा आकार आणि रोपाची उंची यांवर ठरते, परंतु केवळ उंची पाहून रोप घेणे चुकीचे आहे. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे गोल गुंडाळली गेलेली असतात आणि जमिनीत लावल्यावरही ती तशीच वाढतात. म्हणून दहा-वीस रोपांमागे एक पिशवी फाडून मुळे पाहू देणारा नर्सरीवाला आपला मानावा. पुण्यातील एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या सुमारास भरणारे पुष्पप्रदर्शन, तसेच सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान, जे जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारले आहे, या दोन्ही जागा विद्यार्थ्याच्या नजरेने पाहण्यासारख्या आहेत. दुसऱ्या ठिकाणी पाण्याचा प्रवाह, दगडांची मांडणी आणि चालणाऱ्याची नजर कशी वळवली आहे, हे सावकाश न्याहाळावे.

झाडे निवडताना ग्राहकाला आज काय आवडते यापेक्षा दहा वर्षांनी ते झाड किती मोठे होईल, याचा विचार करावा. बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ, करंज ही आपल्या हवेला सरावलेली झाडे मोकळ्या जागेत उत्तम दिसतात. रेन ट्री आणि गुलमोहर यांच्या फांद्या वळवाच्या वादळात मोडतात, त्यामुळे त्या पार्किंगवर येतील अशी लागवड करू नये. झटपट हिरवी भिंत हवी म्हणून अलीकडे कोनोकार्पसचा आग्रह धरला जातो, परंतु गुजरातने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली आहे. अशा वेळी ग्राहकाला कारण सांगून नकार देणे हे आपले कर्तव्यच आहे. लॉनच्या बाबतीतही तेच. गवताची जात सिलेक्शन-१ असो वा मेक्सिकन, दिवसाला पाच-सहा तास ऊन नसेल तर तेथे लॉन लावूच नये आणि सावलीतील झुडपे सुचवावीत.

पाचवी पायरी : मोजमाप आणि दर

चांगले माळी पुष्कळ आहेत, पण हिशेबात तोटा सोसून हा व्यवसाय सोडून गेलेलेही पुष्कळ आहेत. म्हणून अंदाजपत्रक नीट समजून घ्यावे. समजा, १,००० चौरस फुटांची बाग आहे. तीत ६०० फूट लॉन, ३०० फूट झुडपांचे वाफे आणि १०० फूट पायवाट. लॉनखाली सहा इंच माती धरली तर ३०० घनफूट, वाफ्यांत एक फूट धरली तर आणखी ३०० घनफूट, म्हणजे एकूण सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). माती पाणी पडल्यावर बसते, म्हणून एक पंचमांश जास्त धरून सव्वासात ब्रास मागवावी लागते. वाफ्यांत एक-एक फुटावर रोपे लावली तर ३०० रोपे पुरतात. ग्राहकाला पहिल्याच दिवशी दाट बाग हवी म्हणून अंतर नऊ इंचांवर आणले, तर तीच संख्या ५३३ च्या आसपास जाते. अंतरातला हा तीन इंचांचा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही आणि सगळा नफा त्यात जातो. याशिवाय रोपांत पाच ते दहा टक्के मर, शेणखत व निंबोळी पेंड, वाहतूक, गाडी रिकामी करण्याची हमाली आणि लागवडीनंतरचे पाणी या बाबी वेगळ्या लिहाव्यात.

पाण्याचा आकडाही ग्राहकाला आधीच सांगावा. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरला रोज साधारण सहा लिटर पाणी लागते. म्हणजे वरच्या उदाहरणातील लॉनसाठी महिन्याला १०,००० लिटरचा एक टँकर. ज्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर सुरू होतात, तेथे हा आकडा ऐकल्यावर लॉन निम्मे करण्याचा निर्णय बहुधा ग्राहक स्वतःच घेतो, आणि त्यात आपले नुकसान नसून हितच असते.

सहावी पायरी : नोंदणी, परवानग्या आणि करार

लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनाशुल्क होते, ती पहिल्याच महिन्यात करावी. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते, परंतु बांधकाम कंपन्या त्याआधीही जीएसटीचे बिल मागतात. महापालिकेच्या निविदांसाठी डिजिटल स्वाक्षरी, अनामत रक्कम आणि केलेल्या कामांचे दाखले लागतात, म्हणून प्रत्येक काम संपताच दाखला लिहून घ्यावा. शहरात झाड तोडायचे किंवा मोठी छाटणी करायची असेल, तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने विशेष संरक्षण दिले आहे. मालकाने तोंडी सांगितले म्हणून कुऱ्हाड चालवू नये.

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण तो लेखी असावा. आगाऊ ४० टक्के, माती व पाइपलाइन झाल्यावर ३०, लागवड झाल्यावर २० आणि तीन महिन्यांच्या देखभालीनंतर उरलेले १० टक्के, अशी विभागणी दोन्ही बाजूंना मानवते. पाणी कोण देणार, मेलेली रोपे कोणत्या परिस्थितीत बदलून मिळतील आणि बोअर बंद पडल्यास जबाबदारी कोणाची, हे त्यात स्पष्ट लिहावे.

सातवी पायरी : वार्षिक देखभालीची कामे जोडावीत

लागवडीची मोठी कामे बहुतांशी पावसाळ्याच्या तोंडावर येतात आणि मधले महिने रिकामे जातात. माळ्यांचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक नव्या बागेसोबत वार्षिक देखभालीचा प्रस्ताव द्यावा, त्यात आठवड्याला किती खेपा, खत व औषधांचा खर्च कोणाकडे आणि हंगामी फुले वर्षातून किती वेळा, हे नमूद करावे. माळ्यांच्या पगाराएवढी रक्कम देखभालीतून नियमित येऊ लागेपर्यंत नोकरी किंवा हाताखालचे काम सोडू नये. त्यानंतर पहिला खर्च गाडी किंवा कार्यालयावर न करता माळ्यांच्या अपघात विम्यावर, हातमोज्यांवर, फवारणीच्या मास्कवर आणि एका चांगल्या लॉनमूव्हरवर करावा. दुसरी तुकडी उभी करताना तिचा मुकादम बाहेरून आणण्याऐवजी, पहिल्या तुकडीतील ज्या माळ्याला रोपांची नावे, पाण्याच्या वेळा आणि ग्राहकाशी बोलणे जमते, त्यालाच पगार वाढवून ती जबाबदारी द्यावी.