कॉलेजची मुलं मैदानावर का येत नाहीत? या चुका टाळा

‘हल्लीची मुलं मोबाइलमधून डोकंच वर काढत नाहीत,’ हे जिमखाना समितीच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. मग एखादं व्याख्यान ठरतं, आणि मैदान पुन्हा रिकामंच राहतं. मुलांना नावं ठेवण्याआधी वेळापत्रक बघा. नागपूरला डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सायन्सचं प्रॅक्टिकल पाचला सुटत असेल, मैदानावर दिवे नसतील आणि फाटकाची किल्ली असलेला शिपाई साडेपाचला घरी जात असेल, तर मुलांनी खेळायचं कधी? किल्ली संध्याकाळी साडेसातपर्यंत कोणाकडे राहील, हे लेखी ठरवा आणि चार दिवे लावा. व्याख्यानापेक्षा याचा उपयोग नक्की जास्त होईल.

दुसरी चूक म्हणजे दिवस साजरे करून थांबणं. २१ जूनला योग दिन, २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीचा राष्ट्रीय क्रीडा दिन. टी-शर्ट वाटले, फोटो वर पाठवले, संपलं. शरीराला दर आठवड्याचा हिशोब लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. सलग दहा मिनिटं तरी व्यायाम हवा, ही जुनी अट आता उरलेली नाही. म्हणजे वसतिगृहापासून विभागापर्यंत झपाझप चालत गेलात तर तेही धरलं जातं. त्या रस्त्यावर सावली आणि धड फुटपाथ असला, तर कॅम्पसमध्ये दुचाकी काढायचं कारणच निम्मं होतं.

संघापुरतं मैदान राखणं ही तिसरी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, पुढे ‘अश्वमेध’ हा राज्यातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव, यासाठी सराव हवाच. पण बारा खेळाडूंसाठी बाकी सगळ्यांना कडेला उभं करू नका. जिमखाना फी सगळेच भरतात. आठवड्यातले तीन दिवस निवड नाही, गुण नाहीत, नुसतं खेळायचं, असे ठेवा.

मुलींच्या बाबतीत होणाऱ्या चुका मला सगळ्यात जास्त खटकतात. ‘मुलींना आवडच नाही’ असा शेरा मारून विषय मिटवला जातो. वसतिगृहाचं फाटक सातला बंद होतं, मैदानाशेजारी वापरण्याजोगं स्वच्छतागृह नसतं, कपडे बदलायला खोली नसते, कठड्यावर टोळकं बसलेलं असतं. यातली एकेक गोष्ट सोडवता येते. मैदानावर जाणाऱ्या मुलींसाठी रेक्टरांनी परतीची वेळ वाढवावी, प्रशिक्षक शक्यतो बाई असाव्यात, आणि मुलींना गटाने येऊ द्यावं.

दोन फेऱ्यांत धाप लागणाऱ्या मुलीला ‘स्टॅमिना नाही’ म्हणू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी निघालं तर आधी डॉक्टरांचे उपचार, मग पळणं.

खाण्याचंही बघा. मेसचा नाश्ता आठला आणि लेक्चरही आठलाच असेल, तर सकाळी व्यायाम करणारा मुलगा उपाशीपोटी वर्गात बसतो आणि आठवड्याभरात सकाळचं उठणं सोडून देतो. साडेसातला मोड आलेली मटकी आणि केळं द्यायला मेसवाल्यांना सांगा.

सक्तीची हजेरी किंवा शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणं, हे तर करूच नका. परीक्षेच्या महिन्यातही मैदान बंद ठेवू नका. तेव्हाच तर मुलं दिवसभर खुर्चीला खिळलेली असतात. वेळ कमी करा, संध्याकाळी वीस मिनिटं व्हॉलीबॉल किंवा दोरीवरच्या उड्या पुरतात.

एवढं करूनही गर्दी ओसरली, तर येणं थांबवलेल्या चार-पाच जणांना गाठून कारण विचारा. बूट नाहीत, गुडघा दुखतोय, सायकल ठेवायला जागा नाही, असं काहीतरी निघतं.