फोन आपटल्यानंतरचं बीपी

मागच्या महिन्यात धाकट्या भावाशी फोनवर जुंपली. फोन आपटला आणि त्याच तिरमिरीत दंडाला पट्टा गुंडाळला. १५४/९६, नाडी १०८. एरवी माझं १२४/८० असतं. मशीन बिघडलं असेल म्हणून लगेच पुन्हा मोजलं, तर १५८! हा वेडेपणा करू नका. आकडा बघून आपण धसकतो आणि पुढचा आकडा आणखी चढतो.

मशीन बाजूला ठेवा. पाठ टेकून बसा, पायावर पाय नको. आणि तोंड बंद. नुसत्या बोलण्यानेही बीपी वाढतं, मग झाला प्रकार कुणाला तरी रंगवून सांगायची घाई कशाला?

आता श्वास. छाती फुगवून दाखवण्यात काही नाही, काम होतं ते श्वास सोडताना. तेव्हा मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नस (मज्जातंतू) हृदयाला लगाम घालते. मनगटावर दोन बोटं ठेवा: श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा गंमतच वाटली. चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. गरगरलं तर थांबा.

नाडी बहुधा आधी उतरते, बीपी रेंगाळतं. ताणात शरीर दोन हार्मोन्स सोडतं: रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत ओसरतं, पण कॉर्टिसॉल ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी कळस गाठतं, म्हणजे कित्येकदा भांडण मिटल्यावर! त्यामुळे नाडी ७८ आणि बीपी अजून १४२ दिसलं, तरी मी दचकले नाही.

खरी खोडी डोकं काढतं. ‘तो असं म्हणाला, तेव्हा मी असं सुनवायला हवं होतं’ ही उजळणी चालू असली की शरीराच्या लेखी भांडण संपलेलंच नसतं, आणि बीपी वरच अडकतं. मी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मोजे जुळवताना वाद घालता येत नाही.

मग पाच मिनिटं शांत बसून, उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीत टेकवून मोजा. मिनिटभराने पुन्हा एकदा. छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं किंवा हात किंवा पाय लुळा पडला, तर मात्र आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठा. लक्षणं नसतानाही १८०/१२० च्या वर अडून राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

पाऊण तासाने माझं १२८/८२ आलं. तोवर भावाचा मेसेज येऊन पडला होता. तो मी पट्टा सोडल्यावरच उघडला.