जळक्या दाण्यांतून प्राचीन शेती आणि हवामान वाचताना या चुका टाळा

दहा हजार वर्षांपूर्वी कुणी काय पेरलं, पाऊस कसा होता, हे सांगणारा लेखी पुरावा असूच शकत नाही. जे उरलंय ते चुलीच्या राखेत, कचऱ्याच्या खड्ड्यात आणि तळ्याच्या गाळात: जळके दाणे, तुसाचे तुकडे, कोळसा, परागकण. एवढ्याशा ऐवजातून शेतीचा इतिहास उभा राहतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं. म्हणूनच घाईनं काढलेले निष्कर्ष जास्त खुपतात. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. दाणा शेतातून थेट आपल्या हातात आला असं आपण नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात तो कापणी, मळणी, उफणणी, साठवण, चूल, उकिरडा आणि त्यानंतर हजारो वर्षं मुंग्या-उंदरांचा वावर, एवढ्या सगळ्यातून पार पडलेला असतो.

जिथे काळं दिसलं तिथलीच माती उचलणं

डोळ्यांना दाणे दिसले की माती गोळा करायची, ही सवय पहिली सोडायला हवी. अशाने जळालेलं कोठार तेवढं हाती लागतं आणि रोजचं जगणं निसटतं. जमीन, चूल, खड्डे, अंगण, भिंतीलगतचा भराव, सगळीकडून नमुने घ्या. धुण्याआधी मातीचं आकारमान लिटरमध्ये मोजून लिहा. हा आकडा राहून गेला, तर एका लिटरमागे किती दाणे होते हे नंतर कोणत्याही उपायानं काढता येत नाही आणि दोन थरांची तुलना कायमची हुकते.

फ्लोटेशन केलं, पण दाणे आलेच नाहीत

माती पाण्यात ढवळली की जळके अवशेष हलके असल्यानं वर तरंगतात आणि बारीक चाळणीत अडकतात. १९६० च्या दशकापासून ही 'फ्लोटेशन' पद्धत रुळली. त्याआधी हातानं वेचलेल्या संग्रहांत गहू, जव, वाटाणे असे ठसठशीत दाणेच भरपूर दिसतात. त्यावरून 'इथे बारीक तृणधान्यं नव्हती' म्हणणं चूक आहे. ती मातीच्या ढिगाऱ्यात फेकली गेली असतील.

दाणे कमी येत असतील तर आधी चाळणी पाहा. एक मिलिमीटरची जाळी राळ्यासारखं धान्य कसंबसं धरेल, पण तणांचं बी सोडून देईल. ०.२५ मिलिमीटरच्या आसपासची जाळी लागतेच. माती चिकण असेल तर ढेकळं फुटत नाहीत आणि दाणे आत अडकून तळाशी बसतात. अशी माती आधी भिजत ठेवावी, चोळून फोडू नये. तळाशी राहिलेला जड गाळही तपासा, कारण जड कडधान्यं आणि मातीनं भरलेले दाणे अनेकदा बुडतात. वर आलेला माल उन्हात वाळत घालू नका. झपाट्यानं वाळला की कोळसा तडकतो. सावलीत, सावकाश वाळवा.

यंत्रणा नीट चालते का, हे पाहायची एक जुनी आणि उत्तम युक्ती आहे. खसखशीचे १०० दाणे जाळून, मोजून नमुन्यात टाकायचे आणि शेवटी किती परत मिळाले ते पाहायचं. साठच आले, तर बाकीच्या बियांचंही तेच होत असणार. मात्र त्या स्थळावर खसखस सापडण्याची शक्यता असेल तर हा प्रयोग तिथे करू नये.

काळं ते जळकं, खालच्या थरातलं ते जुनं

चाकवत आणि राजगिऱ्याच्या नातलग तणांचं बी मुळातच काळं, चकचकीत असतं. ते परवाचंही असू शकतं. एखादं बी फोडून पाहा: आत पांढरा पिठूळ गर असेल तर ते जळलेलं नाही. फार कोरडी किंवा कायम पाण्याखाली राहिलेली जागा नसेल, तर न जळलेलं बी बहुधा अलीकडचंच समजावं.

खरं जळलेलं बीही खाली सरकतं. इजिप्तमधल्या वादी कुब्बानिया इथे १७-१८ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जव सापडला, तेव्हा शेतीचा आरंभ फार मागे न्यावा लागेल असं वाटलं होतं. पुढे एएमएस पद्धतीनं (एका दाण्याएवढ्या नमुन्यातलाही कार्बन-१४ मोजता येतो अशी पद्धत) त्या दाण्यांचंच कार्बन-१४ वय काढलं आणि ते ५,००० वर्षांच्याही आत आलं. थराचं वय आणि दाण्याचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दावा मोठा असेल तर दाणाच तपासायला द्या, शेजारचा कोळसा नको. जुन्या झाडाच्या गाभ्यातला कोळसा वस्तीपेक्षा शेकडो वर्षांनी जुना निघू शकतो. दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो.

नाही सापडलं म्हणजे नव्हतंच

दाणा टिकायला तो जळावा लागतो, पण बेतानं. कमी हवेत, साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्याचा आकार टिकतो. त्याहून जास्त तापला तर राख होते. तेलबिया चटकन फुटतात, कंदमुळं ओळखू न येणाऱ्या ढेकळासारखी उरतात आणि पालेभाज्यांचा मागही राहत नाही. जे भाजलं किंवा चुलीजवळ हाताळलं जातं, त्याला टिकण्याची संधी जास्त. म्हणजे आपल्यासमोरची यादी त्या माणसांच्या ताटाची नसते, त्यांच्या चुलीतल्या अपघातांची असते.

शिवाय चुलीत शेण जळत असेल तर त्यातलं बी जनावरांनी चरलेलं असतं. १९८० च्या दशकात प्राचीन वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासक नेओमी मिलर यांनी इराणमधल्या मल्यान या प्राचीन स्थळाच्या अवशेषांवरून हा मुद्दा ठामपणे मांडला. तेव्हापासून रानटी गवताचं बी दिसलं की 'लोक हे खात होते' असं लिहिण्याआधी थांबावं लागतं. तण, तुसं आणि दाणे यांचं आपसातलं प्रमाण इथे खूप बोलतं. याच क्षेत्रातले अभ्यासक गॉर्डन हिलमन यांनी तुर्कस्तानात आणि ग्लिनिस जोन्स यांनी ग्रीसमध्ये पारंपरिक शेतकऱ्यांच्या खळ्यांवर जाऊन, मळणी-उफणणीच्या प्रत्येक पायरीवर काय मागे राहतं याची नोंद केली. ते काम न वाचता बियांचा ढीग मोजत बसणं व्यर्थ आहे. नुसते आकडेही फसवतात. राळ्याचे हजार दाणे आणि गव्हाचे शंभर दाणे यांत राळा 'मुख्य पीक' ठरत नाही. म्हणून किती नमुन्यांत काय आढळलं, हेही सोबत द्या.

दाणा फुगीर, म्हणजे पेरलेला

जळताना दाणा लांबीला आखडतो आणि जाडीला फुगतो. त्यामुळे नुसत्या मापावरून रानटी की लागवडीचा, हे ठरवू नका. लहान तृणधान्यांत तर ओळखच निसरडी असते. दक्षिण आशियातल्या नाचणीच्या अनेक जुन्या नोंदी फेरतपासणीत दुसऱ्याच तृणधान्यांच्या निघाल्या. भरवशाची खूण दाणा जिथे देठाला जोडलेला असतो तिथे मिळते. रानटी भात पिकल्यावर आपोआप गळतो, म्हणून तिथला व्रण गुळगुळीत असतो. लागवडीचा भात झोडपून सोडवावा लागतो, म्हणून तो व्रण ओबडधोबड. चीनमधल्या तियानलुओशान इथे सुमारे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीच्या काळात न गळणाऱ्या भाताचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. तीनशे वर्षांत एवढाच बदल! 'शेती सुरू झाली ते वर्ष' शोधणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत.

पिकं बदलली, म्हणजे पाऊस बदलला

सगळ्यात मोह पाडणारी चूक ही. गहू कमी होऊन जव वाढला की लगेच दुष्काळ लिहिला जातो. जव खाऱ्या जमिनीत तग धरतो, जनावरांना चालतो, त्याचं मद्यही होतं. कारण यांपैकी कोणतंही असू शकतं.

परागकणांचंही तसंच. पाइनचे पराग वाऱ्यावर फार दूर जातात. गहू-जव स्वपरागित असल्यानं त्यांचे पराग शेताबाहेर फारसे पडत नाहीत आणि काही रानगवतांचे परागही धान्याएवढेच मोठे असतात. गाळात झाडांचे पराग घटले तर ते दुष्काळानंही असेल, कुऱ्हाडीनंही. मग तीच घट हवामानाचा पुरावा म्हणून वापरायची आणि त्या हवामानानं शेती बदलली म्हणायचं, हे गोल फिरणं झालं. पावसाची साक्ष शेतीशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून आणा: तळ्यांची जुनी पातळी, गुहांत झिरपणाऱ्या पाण्यातून थरांथरांनी वाढलेले चुनखडीचे स्तंभ. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या अशाच एका स्तंभाच्या आधारे सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी, मोठ्या कोरड्या काळापासून सुरू झालेल्या 'मेघालयन' या भूशास्त्रीय कालखंडाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तरीही ४,२०० वर्षांपूर्वीच्या आसपासची प्रत्येक ओसाड वस्ती त्या कोरड्या काळाच्या खात्यावर टाकता येत नाही. वस्तीच्या तारखेत शे-दोनशे वर्षांची सैल जागा असेल, तर आधी काय आणि नंतर काय हेच ठरत नाही. इसवी सनपूर्व ८०० ते ४०० या टप्प्यात कार्बन-१४ चा आलेख जवळपास सपाट आहे, म्हणजे शेकडो वर्षांच्या अंतरानं असलेल्या वस्तूंचंही मोजमाप जवळपास सारखंच येतं, तिथे तर ही अडचण फारच वाढते.

दाण्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून (कार्बनच्या हलक्या-जड प्रकारांच्या प्रमाणावरून) त्या रोपाला पाणी पुरेसं मिळालं होतं का, याचा अंदाज येतो. पण ते पाणी पावसाचं होतं की पाटाचं, हे दाणा सांगत नाही. त्याच शेतातल्या तणांकडे, वस्तीजवळच्या कालव्यांच्या खुणांकडे पाहूनच ते ठरवावं लागतं. आणि गहू-जवासाठी बसवलेली ही मोजपट्टी राळा, ज्वारी, बाजरीला लावू नका. त्यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी आहे. पाण्याच्या ताणाची खूण त्यांच्या कार्बनमध्ये खूप क्षीण उमटते.