बीटा टाकलाय आणि बॅटरी उतरतेय? आधी एक रात्र मोजा

बीटा, म्हणजे फोनच्या सिस्टमची अजून पक्की न झालेली चाचणी आवृत्ती, टाकल्यावर पहिले दोन-तीन दिवस बॅटरीबद्दल काहीही मत बनवायचं नाही. हा माझा नियम आहे आणि तो मी ऑफिसमध्ये नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ऐकवते. ॲप-टेस्टिंग हेच माझं काम असल्यामुळे दर जूनमध्ये आयओएसचा, म्हणजे आयफोनच्या सिस्टमचा, नवा डेव्हलपर बीटा आला की तो टेबलावरच्या फोनवर टाकावाच लागतो, अँड्रॉइडचे बीटा तर त्याच्याही आधीपासून चालू असतात. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी येतंच: "ताई, हा बीटा बॅटरी खातोय."

खात असेलही. पण त्या दिवशी बॅटरी खाणारी वस्तू बहुधा वेगळीच असते. अपडेट झालं की आयफोन शोधासाठी सगळ्या मजकुराची सूची नव्यानं बांधायला घेतो, फोटोंमधले चेहरे आणि वस्तू पुन्हा तपासतो. अँड्रॉइड फोन ॲप्स नव्या सिस्टमसाठी परत कम्पाइल करतो, म्हणजे चालवण्याजोग्या रूपात नव्यानं बदलून ठेवतो. फोटो हजारोंनी असतील तर हे काम दिवसेंदिवस चालतं. यातलं बरंचसं काम फोन चार्जिंगला लावून बाजूला ठेवलेला असतानाच उरकलं जातं. म्हणून पहिल्या दोन रात्री फोन चार्जरवर, वाय-फायवर आणि लॉक करून सोडून द्यायचा. जो माणूस बॅटरी वाचवायला म्हणून चार्जर काढून ठेवतो, त्याच्या फोनचं हे काम लांबतच जातं.

यात एक मेख आहे. पुढचा बीटा आला की यातलं बरंच काम पुन्हा पहिल्यापासून. आयओएसचे बीटा सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांनी येतात आणि सप्टेंबर जवळ आला की आठवड्यालासुद्धा. आलेला प्रत्येक बीटा त्याच संध्याकाळी टाकणाऱ्याचा फोन स्थिर असा कधी होतच नाही. तक्रार तपासायची असेल तर एक बीटा वगळा, इतकं साधं आहे.

बीटा मुळातच जरा जड असतो, हेही मान्य करायला हवं. चुका सापडाव्यात म्हणून त्यात नोंदी जास्त लिहिल्या जातात, कोडची शेवटची घासपूस झालेली नसते आणि तुमची नेहमीची ॲप्स अजून जुन्या सिस्टमच्या हिशेबानं बनलेली असतात. प्रश्न एवढाच की तुमच्याकडचा खड्डा या नेहमीच्या जडपणाचा आहे की आणखी कशाचा. ते रात्री कळतं.

दिवसाचे आकडे मला नकोच असतात. दिवसा आपण व्हिडिओ बघतो, नकाशा लावतो, उन्हात स्क्रीन उजळवतो. त्यातून कुणाचा दोष काढणार? रात्री फोन आपण हातात घेत नाही, त्यामुळे जे उतरेल ते फोनचं स्वतःचं. झोपताना बॅटरी ऐंशीच्या आसपास असेल असं बघायचं. शंभरवरून मोजायचं नाही, कारण बरेच फोन शंभरचा आकडा काही वेळ तसाच धरून ठेवतात. लो पॉवर मोड किंवा बॅटरी सेव्हर बंद करायचा, नाहीतर आजार झाकला जातो. फोन टेबलावर पालथा ठेवायचा आणि हलवायचा नाही, कारण २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर आलेला डोझ मोड, म्हणजे न वापरलेल्या फोनची झोप, पूर्ण खोलात जायला फोन स्थिर लागतो. टक्के आणि वेळ कागदावर लिहायची. सकाळी उठल्या उठल्या पुन्हा लिहायची. भागाकार करायचा.

माझा अंदाज असा: तासाला एक टक्क्याच्या आत उतरलं तर फोन ठीक झोपतोय, तक्रार दिवसाच्या वापराची आहे. तासाला दोन किंवा जास्त उतरलं तर काहीतरी त्याला झोपू देत नाहीये.

मग दुसऱ्या रात्री सगळं तसंच, फक्त एअरप्लेन मोड चालू. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद झालेत ना ते नीट बघा. काही फोन ते चालू ठेवतात. आता आकडा एकदम खाली आला तर दोष नेटवर्कच्या बाजूला, म्हणजे मोडेम (मोबाइल नेटवर्कशी बोलणारी चिप), कमजोर सिग्नल किंवा नेटवर्क वापरणारं एखादं ॲप. आकडा तेवढाच राहिला तर आत काहीतरी प्रोसेसर फिरवत बसलंय. पुढच्या रात्री फाइव्ह-जी बंद करून फक्त फोर-जी, त्यानंतरच्या रात्री वाय-फाय बंद करून. एका रात्री एकच बदल, दोन केले की कशानं फरक पडला ते कळत नाही.

एका टेस्ट फोनवर असंच झालं होतं. रात्रीतून एकोणीस टक्के गायब, एअरप्लेन मोडमध्ये दोन. फोर-जी करून पाहिलं, काही फरक नाही. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या यादीत सगळ्यात वर ब्राउझर होता आणि सगळ्यांचा संशय त्याच्यावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या यादीतले टक्के म्हणजे वापरल्या गेलेल्या बॅटरीतला वाटा असतो, अख्ख्या बॅटरीचा नव्हे, आणि ब्राउझर वर होता तो दिवसभराच्या स्क्रीनमुळे. मी आयफोनच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ॲनालिटिक्स डेटाची, म्हणजे फोननं स्वतः लिहिलेल्या नोंदींची, यादी उघडली. रात्रीच्या नोंदींमध्ये एकाच ॲपचं नाव खाली खाली येत गेलेलं, वेळा दोन-तीन मिनिटांच्या फरकानं. फोटोंचा बॅकअप घेणारं एक ॲप होतं. नेट मिळालं की अपलोड सुरू करायचं, नव्या सिस्टमवर कोसळायचं, पुन्हा उठायचं. जनरलमधल्या बॅकग्राउंड ॲप रिफ्रेशमध्ये फक्त त्याचं बटण बंद केलं आणि रात्रीचा आकडा चारवर आला.

अँड्रॉइडवर याच्या जोडीला एक गोष्ट बघा: कोणत्या ॲप्सना बॅटरीचा वापर 'अनिर्बंध' दिलेला आहे. एरवी डोझ मोड ॲप्सना आवरतो, पण ही ॲप्स त्यातून बऱ्याच अंशी सुटलेली असतात. बहुतेकांच्या फोनवर तिथे असं एखादं नाव निघतं जे आपण कधी परवानगी दिली तेच आठवत नाही.

सगळी ॲप्स वर सरकवून सतत बंद करण्यानं काही मिळत नाही, उलट ती दर वेळी मुळापासून उघडताना जास्त खर्च होतो. बॅटरी वाचवणारी म्हणून मिळणारी ॲप्स टाकू नका, त्यावर मी शब्दही वाया घालवणार नाही. फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय आहे. आणि बीटाच्या नावानं खडे फोडण्याआधी बॅटरी हेल्थ बघून घ्या. ॲपलच्या आकड्यांप्रमाणे आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० चार्ज सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के बॅटरी वापरून होणं), तर आयफोन १५पासूनच्या फोनची १००० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरते, तेही परिस्थिती आदर्श असेल तर. हेल्थ सत्त्याहत्तर दाखवत असेल तर बीटा बिचारा निर्दोष असू शकतो. फोन तापत असेल तेव्हा जाड कव्हर काढून ठेवा. ३५ अंशांच्या वरच्या हवेत क्षमता कायमची घटू शकते.

आकडे हातात आले की ते कळवा, बीटा त्यासाठीच असतो. "बॅटरी लवकर संपते" असं लिहून कुणालाच काही समजत नाही. "रात्री ११ ला ८२, सकाळी ६ ला ६३, एअरप्लेन मोडमध्ये फक्त २ टक्के उतरली" असं लिहा आणि लॉग, म्हणजे फोनच्या नोंदींची फाइल, जोडा. आयफोनवर आवाजाची दोन्ही बटणं आणि बाजूचं बटण एकत्र सेकंद-दीड सेकंद दाबून सोडायचं. हलकी थरथर जाणवते आणि दहाएक मिनिटांत सिसडायग्नोज फाइल ॲनालिटिक्स डेटामध्ये येते. जास्त वेळ दाबून धरलं तर इमर्जन्सी एसओएसची स्क्रीन येते, तेव्हा सांभाळून. ती फाइल ॲपलच्या फीडबॅक असिस्टंट ॲपमधून पाठवा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि बग रिपोर्ट घ्या. दोन्हींत वैयक्तिक माहिती असू शकते, म्हणून या फाइली मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका.

आता माघारी फिरायचं असेल तर. आयफोनवर लगेच जुन्या आवृत्तीवर जायला कॉम्प्युटर आणि रिकव्हरी मोड लागतो, फोन पुसला जातो, आणि बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर बसत नाही. बीटाआधी कॉम्प्युटरवर बॅकअप घेऊन तो आर्काइव्ह केला असेल, म्हणजे नव्या बॅकअपनं पुसला जाऊ नये असा वेगळा जपला असेल, तरच हा रस्ता धरा. नाहीतर सॉफ्टवेअर अपडेटमध्ये बीटा अपडेट्स बंद करा आणि अंतिम आवृत्ती येईपर्यंत थांबा, काहीही न पुसता सुटका होते. ॲपल वॉचवर मात्र बीटा टाकलात तर तो तुम्हाला काढता येत नाही, घड्याळावर टाकण्याआधी दहादा विचार करा. गूगलच्या पिक्सेल फोनवर बीटातून नाव काढलं की एक अपडेट येतं. ते टाकलं की सगळा डेटा जातो, आणि लोक घाईत नेमकं तेच टाकतात. स्थिर आवृत्ती जवळ आलेली असेल तर त्या अपडेटला हात न लावता तिची वाट बघा.