‘मी एकटाच’ हे इंग्रजीत कसे सांगावे

साताऱ्यात मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवताना ‘आय ॲम लोनली इन पुणे’ हे वाक्य माझ्या कानांवर इतक्या वेळा पडले आहे की, आता मी पहिला तास त्याच्यासाठीच राखून ठेवतो. बोलणाऱ्याला फक्त एवढेच सांगायचे असते की, पुण्यात तो एकटा राहतो, खोलीत दुसरे कोणी नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की, हा मुलगा तिथे माणसांवाचून झुरतो आहे. इथे चूक इंग्रजी व्याकरणाची नाही. आपल्या बोलण्यातला ‘एकटा’ हा शब्द पाच-सहा निरनिराळी कामे करतो आणि आपण त्यातले नेमके काम न ओळखताच इंग्रजी शब्द शोधू लागतो. म्हणून माझी पद्धत अशी आहे की, आधी मराठीतच ‘एकटा’ काढून त्याजागी अधिक नेमका शब्द बसवून पाहावा. ‘एकाकी’ बसतो का, ‘एकहाती’ बसतो का, ‘एकमेव’ बसतो का, ‘कोणाच्या मदतीशिवाय’ असे म्हणता येते का, हे पाहिले की इंग्रजी शब्द बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

‘एकाकी’ बसत असेल तर ‘लोनली’, नसेल तर ‘अलोन’. ‘अलोन’ हा शब्द मुळात ‘ऑल’ आणि ‘वन’ यांच्या जोडीतून झालेला आहे. तो फक्त माणसे मोजतो, मनाचे काही सांगत नाही. पहाटे अजिंक्यतारा सोबतीशिवाय चढणारा माणूस ‘अलोन’ असतो आणि बहुधा मजेत असतो. उलट संध्याकाळी राजवाड्याच्या चौपाटीवरील गर्दीत उभा असलेला माणूस ‘लोनली’ असू शकतो, पण त्याला ‘अलोन’ म्हणता येणार नाही. रस्त्याला किंवा जागेला ‘लोनली’ म्हटले की, अर्थ ‘निर्जन’ असा होतो.

या शब्दांची वाक्यातली जागाही सांभाळावी लागते. ‘अलोन’ हा नामाच्या आधी येत नाही, त्यामुळे ‘एकटा माणूस’ याचे ‘ॲन अलोन मॅन’ असे भाषांतर चुकीचे आहे. कासच्या पठारावरील एकट्या झाडाला ‘अ लोन ट्री’ किंवा ‘अ सॉलिटरी ट्री’ म्हणावे; एकट्या राहणाऱ्या आजीविषयी मात्र ‘ॲन ओल्ड वूमन हू लिव्ह्ज अलोन’ अशी थोडी लांब रचना करणेच बरे. ‘अ सिंगल वूमन’ म्हटले तर ऐकणारा तिच्या लग्नाचा विचार करू लागेल. ‘अलोन’ नामाच्या नंतर लगेच आला तर त्याचा अर्थ ‘केवळ’ असा होतो. ‘एकट्या सातारा जिल्ह्यात’ हे ‘इन सातारा डिस्ट्रिक्ट अलोन’ असे होते, म्हणजे आपला ‘एकट्या’ पुढे आणि त्यांचा ‘अलोन’ मागे.

सर्वांत जास्त गोंधळ ‘स्वतः’ आणि ‘-च’ यांमुळे होतो. ‘मी स्वतः तलाठ्याकडे गेलो’ याचा अर्थ दुसऱ्या कोणाला पाठवले नाही, असा आहे, म्हणून ‘आय वेंट मायसेल्फ’. यात ‘बाय’ घातला आणि ‘आय वेंट बाय मायसेल्फ’ म्हटले की, अर्थ ‘सोबत कोणी नव्हते’ असा बदलतो. एका छोट्या शब्दाने एवढा फरक पडतो, हे विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागतो. ‘मी एकटाच गेलो’ हे वाक्य तर दोन वेगवेगळ्या प्रश्नांचे उत्तर असू शकते. ‘सोबत कोण होते?’ असे विचारले असेल तर ‘आय वेंट अलोन’ बरोबर. ‘आणखी कोण कोण गेले?’ असे विचारले असेल तर ‘आय वॉज द ओन्ली वन हू वेंट’. त्याचप्रमाणे ‘वर्गात मी एकटाच पास झालो’ याला ‘आय पास्ड अलोन’ म्हणता येत नाही, कारण तिथे ‘एकमेव’ हाच अर्थ आहे. एकुलत्या एक मुलाने ‘आय ॲम ॲन ओन्ली चाइल्ड’ म्हणावे.

‘कोणाच्या मदतीशिवाय’ हा अर्थ असेल तेव्हा ‘ऑन माय ओन’ किंवा ‘बाय मायसेल्फ’ वापरावे. मात्र हे दोन्ही शब्दप्रयोग ‘सोबतीशिवाय’ या अर्थानेही येतात, त्यामुळे संदर्भ स्पष्ट ठेवावा. काम मोठे असेल तर ‘सिंगल-हँडेडली’, म्हणजे एकहाती. हा शब्द मात्र जपून वापरावा. आमच्याकडे निबंधात हमखास लिहिले जाते की, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था ‘सिंगल-हँडेडली’ उभी केली. वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. पण 1919 मध्ये काले येथे सुरू झालेल्या त्या कामात वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने मोडणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा वाटा हा शब्द पुसून टाकतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत मिळवलेल्या कांस्यपदकालाही ‘सिंगल’ किंवा ‘अलोन’ लावू नये. तिथे ‘वैयक्तिक’ हा अर्थ असल्याने ‘इंडिव्हिज्युअल मेडल’ हेच योग्य.

‘सोलो’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे, पण तो ‘विनाथांबा’ किंवा ‘विनामदत’ असे काही सांगत नाही. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये शिडाच्या बोटीतून केलेली पृथ्वीप्रदक्षिणा ‘सोलो’ होती आणि वाटेत त्यांनी बंदरांत मुक्काम केले होते. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले, म्हणून त्यांच्या सफरीला ‘सोलो’बरोबर ‘नॉन-स्टॉप’ हा शब्द जोडावा लागतो.

बाकीचे शब्द सोपे आहेत. हवाहवासा एकांत म्हणजे ‘सॉलिट्यूड’, एकलकोंडा म्हणजे ‘लोनर’, आणि ‘लीव्ह मी अलोन’ म्हणजे ‘मला त्रास देऊ नका’. हे शेवटचे वाक्य वडीलधाऱ्यांशी बोलताना उद्धट वाटते. ‘लेट अलोन’ मात्र नीट समजून घ्यावा, कारण त्याचा एकटेपणाशी काही संबंध नाही आणि त्याचा क्रम आपल्या उलट आहे. आपण म्हणतो, ‘लंडन सोडाच, त्याने अजून मुंबईही पाहिलेली नाही’. इंग्रजीत मुंबई आधी येते आणि लंडन शेवटी : ‘ही हॅजन्ट सीन मुंबई, लेट अलोन लंडन’.